बलून रंगवणारा माणूस

रविवारची सकाळ आहे, चहाचा दुसरा कप झाला असेल, पोहे परतून झाले असतील किंवा कुणीतरी परततंय आणि कुणीतरी “अजून किती वेळ” म्हणून विचारतंय. होऊ द्या सावकाश. तोवर आपण गप्पा मारू.

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही ब्रिस्टलला बलून बघायला गेलो होतो. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. ॲश्टन कोर्टच्या मैदानावर १९७९ पासून हा मेळा भरतो. पहाटे सहाच्या उड्डाणासाठी मुलांना झोपेतून उचलायचं, थर्मास भरायचा, गाडी लांब लावून ओल्या गवतातून चालत जायचं आणि वारा जास्त असला की “आजचं उड्डाण रद्द” ही घोषणा ऐकून परत फिरायचं. आमचं नशीब त्या दिवशी बरं होतं. एकामागून एक बलून फुगत गेले. काही पट्ट्यापट्ट्यांचे, काही जाहिरातींचे, एखादा प्राण्याच्या आकाराचा.

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने मान वर करून विचारलं, “आई, हे रंगवतं कोण?”

मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. आता बलूनचं कापड नायलॉनचं असतं. बरेचसे रंग म्हणजे रंगीत कापडाचे तुकडेच, ते शिवून जोडतात. बारीक चित्र हवं असेल तर कापडावर छापतात किंवा हाताने रंगवतात. तिचं समाधान झालं नाही. “तसं नाही. *पहिलं* कुणी रंगवलं?”

मंडळी, पहिलं बलून कुणी उडवलं ते आपण शाळेत शिकलो. मोंगोल्फिए बंधू. रंगवलं कुणी हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. खरं तर मला वाटायला हवं होतं. माझा मामा सांगलीला बोर्ड रंगवायचा. किराणा दुकानं, दवाखाने, निवडणुकीच्या भिंती, गणपती मंडळांचे पडदे. घरात त्याला सगळे ‘पेंटर’ म्हणायचे. ‘आर्टिस्ट’ कुणी म्हटलं नाही. म्हणून मग घरी आल्यावर मी त्या बलूनच्या पेंटरचा शोध घेतला, आणि जो माणूस सापडला त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

त्याचं नाव ज्याँ-बातिस्त रेव्हेयों. जन्म १७२५ मधला, पॅरिसचा. मोठा झाल्यावर त्याचा धंदा होता भिंतींना चिकटवायच्या चित्रांच्या कागदाचा, म्हणजे वॉलपेपरचा. पण सुरुवात फार साधी होती. कागद-सामान विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो पोरवयात कामाला लागला. मध्ये एक वेळ अशी आली की काम सुटलं आणि खिशात दमडी नाही. त्या दिवसांत सुताराच्या मुलाने, त्याच्या मित्राने, आपल्या कामाचं एक हत्यार विकून त्याला पाव आणून दिला. हे त्याने स्वतःच पुढे, साठी ओलांडल्यावर लिहून ठेवलं. ते कुठे बसून लिहिलं, ते नंतर सांगते.

हळूहळू तो त्या व्यापारात स्थिरावला. त्या काळी श्रीमंतांच्या घरात इंग्लंडहून येणारा एक खास कागद लावायची फॅशन होती. कागदावर सरसाने नक्षी काढायची आणि त्यावर रंगवलेल्या लोकरीची भुकटी पेरायची. वाळलं की नक्षी मखमलीसारखी उठून दिसते. रेव्हेयों तो कागद आणून विकायचा. मग १७५६ साली इंग्लंड आणि फ्रान्समध्ये युद्ध पेटलं, ते सात वर्षं चाललं. माल यायचा बंद झाला. गिऱ्हाईक तर दारात उभं. त्याने ठरवलं, आपणच करू.

पॅरिसच्या पूर्वेला, फोबूर सेंत-आंत्वान नावाच्या कारागिरांच्या वस्तीत, एक मोठी हवेली होती. एका शस्त्रांच्या कारखानदाराने बांधलेली, त्याच्या नावावरून तिला ‘फोली तितों’ म्हणत. भोवती मोठी बाग. रेव्हेयोंने ती आधी भाड्याने आणि मग विकत घेतली, आणि तिथे कारखाना थाटला. पुढे तिथे तीनशेच्या वर माणसं कामाला होती.

हे काम कसं चालायचं ते डोळ्यांसमोर आणा. तेव्हा लांबच लांब कागद निघत नव्हता. हाताने केलेले ताव एकाला एक चिकटवून त्याची गुंडाळी करायची. त्यावर आधी सगळीकडे एक रंग द्यायचा. रंग पाण्यात आणि सरसात कालवलेला. मग लाकडी ठसे. गुलाबाच्या एका फुलाला चार छटा असतील तर चार ठसे, आणि प्रत्येक ठसा बरोबर आधीच्या ठशावर बसला पाहिजे. केसभर चुकला तर पाकळी देठापासून सुटली! ठसे कोरायच्या आधी चित्र काढायला रेव्हेयोंने नावाजलेले चित्रकार ठेवले होते. ज्याँ-बातिस्त ह्युए हा त्यांच्यातला एक. म्हणजे एका भिंतीमागे चित्रकार, कोरक्या, रंगाऱ्या, ठसेवाला, चिकटवणारा आणि रंगाची कुंडी ढवळणारं एखादं पोर, इतके हात. आज आपण ज्याला कमर्शियल आर्ट म्हणतो ते हेच. ज्या चित्राखाली सही नसते आणि ज्यावर शेकडो घरं चालतात.

आता बलून.

दक्षिण फ्रान्समध्ये आनोने गावाजवळ मोंगोल्फिए घराण्याच्या कागदाच्या गिरण्या होत्या. ४ जून १७८३ रोजी दोघा भावांनी आनोनेच्या चौकात सगळ्यांसमोर एक पिशवी उडवली. बाहेरून जाडं कापड, आतून कागद, आणि तुकडे एकमेकांना जोडायला सुमारे अठराशे बटणं. हो, बटणं! सदऱ्याला लावतो तशी. खाली गवत आणि लोकर जाळली, आतली हवा तापली, आणि पिशवी आकाशात गेली.

बातमी पॅरिसला पोचली. राजाला ते बघायचं होतं. धाकटा भाऊ एत्येन पॅरिसला आला. परक्या शहरात एवढं मोठं काम करायचं तर जागा हवी, कापड-कागद हवा, माणसं हवीत. कागदाच्या धंद्यातला त्याचा एक ओळखीचा माणूस पॅरिसमध्ये होता. रेव्हेयों. त्याने आपली बाग दिली, आपला कारखाना दिला, आपले कारागीर दिले.

मला इथे तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. कारण आपण सहज म्हणतो, बलून मोंगोल्फिएंनी केलं आणि रेव्हेयोंने नुसतं रंगवलं. पण विचार करा. कापडाला आतून कागद चिकटवायचा, तो वाकला तरी फाटता कामा नये. सांध्यातून हवा जाता कामा नये. खाली आग पेटणार आहे, तेव्हा कागदाला तुरटीचा लेप द्यायचा, म्हणजे तो लवकर पेट घेत नाही. आणि हे सगळं सात मजली घराएवढ्या वस्तूवर करायचं. खळ, सरस, तुरटी, ताव आणि मोठमोठे पृष्ठभाग, हे कुणाचं रोजचं काम होतं? वॉलपेपरवाल्याचं.

तर सप्टेंबरमध्ये पहिलं मोठं बलून तयार झालं. जवळजवळ सत्तर फूट उंच, निळ्या रंगावर सोनेरी नक्षी. विज्ञान अकादमीची मंडळी १२ सप्टेंबरला बागेत बघायला आली. बलून फुगलं, उचललंही गेलं. आणि पाऊस आला. कसला पाऊस, वादळच. ओला कागद सुटला, कापड फाटलं, रंग ओघळले. सगळं मातीत.

राजासमोरचं उड्डाण ठरलं होतं १९ तारखेला. मध्ये आठवडासुद्धा नाही.

आपल्याकडे गणपतीच्या आदल्या रात्री मंडपात जशी धावपळ असते, तशी त्या बागेत चालली असणार. नवीन बलून करायला घेतलं. या वेळी कागदाचा मोह सोडून घट्ट विणीचं सुती कापड घेतलं. आकार थोडा लहान, साधारण सत्तावन्न फूट उंच. चार-पाच दिवसांत कापलं, शिवलं आणि पुन्हा रंगवलं. निळ्यावर सोनेरी, राजाच्या नावाची मुद्रा आणि वेलबुट्टी. वेळ नव्हता, म्हणून कुणी “या वेळी कोरंच उडवू” म्हटलं नाही. मला या माणसांचं यासाठी फार कौतुक वाटतं. मामा म्हणायचा, बोर्ड वाचला जाण्याआधी बघितला जातो. व्हर्सायच्या पटांगणात हजारो लोक लांबून बघणार होते. राख आणि धूर ओकणारं एक मळकट गाठोडं आकाशात गेलं असतं तर लोक घाबरले असते. निळं-सोनेरी बलून वर गेलं तेव्हा लोकांना तो सोहळा वाटला.

१९ सप्टेंबर १७८३. सोळावा लुई राजा आणि राणी समोर. बलूनखाली टोपलीत तीन प्रवासी: एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा. वर गेल्यावर जीव जगतो का, ते बघायचं होतं. बलून सुमारे आठ मिनिटं उडालं आणि तीनेक किलोमीटरवरच्या रानात उतरलं. तिघंही जिवंत! कोंबड्याचा पंख जरा दुखावला होता, त्यावर वर हवेचा काही परिणाम झाला का अशी गंभीर चर्चा झाली. मग साक्षीदार निघाले, की उडायच्या आधीच मेंढीने त्याला लाथ मारली होती.

मग माणसांची पाळी. रेव्हेयोंच्याच बागेत आणखी मोठं बलून झालं. सत्तर फूट उंच, शेहेचाळीस फूट रुंद. आणि याची सजावट ऐका. वरच्या बाजूला फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुलं. त्याखाली गोल फिरत बारा राशी. होय, आपल्याच बारा राशी, मेषेपासून मीनेपर्यंत! मध्यभागी राजाच्या नावातलं ‘एल’ अक्षर गुंफलेलं, आणि मध्ये मध्ये चेहऱ्याचे सूर्य. खाली मुखवटे, फुलांच्या माळा आणि पंख पसरलेले गरुड. जणू एखाद्या महालाच्या दिवाणखान्याची भिंतच गोल करून आकाशात सोडायची होती.

१५ ऑक्टोबरला त्या बागेतून पिलात्र द रोझिए हा तरुण दोराने बांधलेल्या बलूनमधून वर गेला. १९ तारखेला त्याच्यासोबत वर गेला जिरू द व्हिलेत. तो कोण? रेव्हेयोंच्या कारखान्यातला माणूस. तीनशेहून जास्त फूट उंचीवरून त्याने पॅरिस बघितलं, आणि लगेच वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की सैन्याला टेहळणीसाठी हे फार उपयोगी पडेल. वॉलपेपरच्या कारखान्यातला माणूस, आकाशात जाणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक. त्याचं नाव मी या शोधाआधी ऐकलंही नव्हतं.

२१ नोव्हेंबरला दोर सोडला. पॅरिसच्या पश्चिमेकडून, ला म्युएतच्या बागेतून, पिलात्र आणि मार्की द आर्लांद पंचवीस मिनिटं शहरावरून तरंगत गेले. आग पेटती ठेवायला गवत, आणि कापडाला ठिणगीने भोकं पडली तर विझवायला ओला स्पंज. खाली उतरले ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. बघणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते. आणि पॅरिसच्या लोकांनी मान वर करून जे बघितलं त्या राशी आणि ते सूर्य रेव्हेयोंच्या बागेतून आले होते.

पुढची काही वर्षं फ्रान्सला बलूनचं वेड लागलं. पंख्यांवर बलून, बश्यांवर बलून, खुर्च्यांच्या पाठीवर बलून. रेव्हेयोंच्या कारखान्याला त्याच काळात ‘राजकारखाना’ असा किताब मिळाला. सरसाच्या कुंडीजवळून सुरुवात केलेला माणूस आता मोठ्या हवेलीचा मालक होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

१७८८ मध्ये गारपीट झाली, पीक बुडालं, मग भयंकर हिवाळा. १७८९ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव साडेचौदा सूला गेला. सू म्हणजे त्यांचं नाणं. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. म्हणजे जवळजवळ निम्मी किंवा त्याहूनही जास्त मजुरी पावात! आणि घरात खाणारी चार तोंडं.

२३ एप्रिलला त्या भागातल्या मतदारांची सभा होती. रेव्हेयों तिथे बोलला. पाव स्वस्त झाला पाहिजे, म्हणजे मजुरी आणि मालाचे भावही खाली येतील, अशा अर्थाचं काहीतरी. वस्तीत पोचेपर्यंत त्याचं झालं, “रेव्हेयों म्हणतो, मजुराला दिवसाला पंधरा सू पुरे.” पावाचा भाव साडेचौदा, आणि हा म्हणतो पंधरा पुरे!

एका बाजूने बघितलं तर हा त्याच्यावर अन्याय होता. बऱ्याच इतिहासकारांच्या मते त्याच्याकडे मजुरी इतरांपेक्षा चांगली होती, आणि त्या हिवाळ्यात काम बंद असतानाही आपण कामगारांना पैसे दिले असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूने बघा. पूर्वी कागदगिरणीत कामगारांशी त्याचं चांगलंच वाजलं होतं. आणि ज्याच्या घरात चूल पेटली नाही, त्याने हवेलीतल्या माणसाच्या तोंडून ‘मजुरी खाली’ हे शब्द ऐकले, तर त्याने पुढचं वाक्य ऐकायला थांबावं अशी अपेक्षा कशी करायची?

२७ एप्रिलला लोकांनी त्याचा पुतळा करून फासावर लटकवला. २८ ला जमाव हवेलीत घुसला. दोन तासांत सगळं संपलं. सामान, आरसे, कागद, चित्रं, त्याच बागेत पेटवलेल्या आगीत गेलं. ज्या बागेत साडेपाच वर्षांपूर्वी बलूनसाठी आग पेटवली होती, तीच ती बाग. तळघरातली दारू प्यायली गेली, आणि काहींनी दारू समजून कारखान्याचे रंग प्यायले, असंही सांगतात. सैन्याने गोळीबार केला. किमान पंचवीस माणसं मेली, काही अंदाज शेकड्यात आहेत. अडीच महिन्यांनी फ्रेंच राज्यक्रांती पेटली, आणि पुष्कळ जण या दंग्याला तिची पहिली ठिणगी मानतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. मेलेल्या आणि पकडलेल्या माणसांची यादी पुढे अभ्यासली गेली, तेव्हा तिच्यात रेव्हेयोंच्या स्वतःच्या कारखान्यातलं कुणी आढळलं नाही.

आणि रेव्हेयों? त्याने जीव वाचवायला जवळच्या किल्ल्याचा आसरा घेतला. किल्ल्याचं नाव बॅस्टिल! लोक ज्या तुरुंगात जायला घाबरायचे, तिथे हा आपणहून काही आठवडे राहिला. तिथे बसून त्याने आपली कैफियत लिहिली. मी मजुरांचा शत्रू कसा असेन, मी स्वतः मजूर होतो. मित्राने हत्यार विकून मला पाव दिला होता. सुरुवातीला सांगितलेली गोष्ट त्याने तिथे लिहिली, मंडळी.

पुढे त्याने कारखाना दुसऱ्यांना चालवायला दिला. तो वारला १८११ साली.

आता नावांची गंमत बघा. फ्रेंच भाषेत गरम हवेच्या बलूनला आजही ‘मोंगोल्फिएर’ म्हणतात. कागदवाल्याचं नाव वस्तूला मिळालं. त्या जागेजवळच्या रस्त्याचं नाव आहे ‘रू तितों’, हवेली बांधणाऱ्या शस्त्रवाल्याचं. आणि रेव्हेयोंचं नाव कशाला चिकटलं? दंग्याला. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव शोधलंत तर ‘रेव्हेयों दंगल’ सापडेल. आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस नावाला लागला, आणि बारा राशी आकाशात गेल्या तो दिवस मोंगोल्फिएंचा झाला.

लेकीला मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “पण तो तर मालक होता ना? हातात ब्रश कुणी धरला होता?”

बरोबर विचारलं तिने. मेषेची शिंगं कुणीतरी रंगवली. सूर्याला डोळे कुणीतरी काढले, तेही पावसाने एकदा सगळं धुऊन नेल्यानंतर, रात्र जागून. त्या तीनशे माणसांच्या वस्तीत पुढे पाव महागला तेव्हा त्यांच्या घरी काय शिजत होतं, हे मला त्या निळ्या-सोनेरी चित्राकडे बघताना आता आठवल्याशिवाय राहत नाही.

मामाच्या बोर्डांच्या खालच्या कोपऱ्यात, उजवीकडे, अगदी बारीक अक्षरात तो आपलं नाव घालायचा. दुकानदार कुरकुरायचे. “बोर्ड आमचा, नाव तुझं कशाला?” तो हसायचा आणि घालायचाच. नंतर फ्लेक्स आले आणि ते बोर्ड उतरले. मी त्यातल्या एकाचाही फोटो काढून ठेवलेला नाही. तेव्हा मला वाटायचं, बोर्ड तर काय, गल्लोगल्ली आहेत.

म्हणून आज तुमच्याकडे एक मागणं आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत असं कुणीतरी असेल. साईनबोर्ड रंगवणारे आजोबा, सिनेमाची पोस्टरं करणारे काका, साड्यांच्या नक्ष्या काढणारी आत्या, पाकिटांवरची चित्रं काढून घर चालवणारा भाऊ. आज रविवार आहे, भारतात दुपार झाली असेल. त्यांना फोन करा. त्यांनी काय काय रंगवलं ते विचारा, आणि मुलांना शेजारी बसवून ऐकवा. एखादा जुना फोटो असेल तर मागून घ्या. आणि आपल्या कार्यक्रमाला कळवलंत, तर पुढच्या वेळी त्यांची नावं आपण इथून वाचू. माझ्या यादीत पहिलं नाव मामाचं आहे. काल रात्रीच त्याला फोन केला होता. म्हणाला, “सांगलीच्या एका गल्लीत अजून एक बोर्ड शिल्लक असेल बघ, रंग उडालेला. जाऊन बघतो.”

पोहे झाले असतील आता. चला, भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार.